बोरीत कोणी बोरकर नसतो

काकांचा सकाळचा चहा त्या दिवशी माझ्यामुळे तासभर लांबला, आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात ही गोष्ट लहान मानली जात नाही. डीएनए तपासणीच्या पाकिटासोबत आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिले होते की, नमुना घेण्याआधी तासभर काहीही खाऊ-पिऊ नये. त्यामुळे ८२ वर्षांचे काका खुर्चीत ताठ बसून होते, काकू स्वयंपाकघराच्या दारातून घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत होत्या, आणि मी हातात एक लहानसा ब्रश घेऊन उभी होते. तो गालाच्या आतल्या बाजूने थोडा वेळ फिरवायचा, त्याचे टोक छोट्या कुपीत सोडायचे आणि झाकण घट्ट लावायचे, एवढेच काम. काकांनी ते निमूटपणे करू दिले, मात्र दुसरा ब्रश फिरवून झाल्यावर ते म्हणाले, "काहून बेटा, आपले पूर्वज का माझ्या गालात बसले आहेत? विचारायचंच होतं तर मलेच विचारायचं."

विचारले नव्हते असे नाही. गेली तीस वर्षे मी काकांना विचारत आले आहे आणि गेली तीस वर्षे मला एकच उत्तर मिळत आले आहे, की आपण मूळचे बोरीचे. कोणत्या बोरीचे, या पुढच्या प्रश्नावर मात्र काका पंख्याकडे पाहू लागतात. नागपूरच्या चहू अंगांना बोरी आणि बोरगावे आहेत. वर्धा मार्गावर बुटीबोरी आहे आणि तिच्या पुढच्याच स्थानकाला बोरखेडी म्हणतात; गोरेवाड्याच्या वाटेवर बोरगाव आहे; वर्ध्याला बोरगाव मेघे, अकोल्याकडे बोरगाव मंजू, यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरब. या यादीत गोव्याची बोरी मी धरलेलीच नाही, जरी तिकडचे एक थोर कवी आमच्याच, म्हणजे बोरकर, आडनावाचे असल्यामुळे शाळेत मराठीच्या प्रत्येक नव्या बाईंनी मला "ते तुमचे कोण?" असे विचारले होते. बोरीचे झाड कोणी लावत नाही. बांधावर, नाल्याच्या काठाला, पडीक रानात ते आपले आपण येते, आणि जिथे ते आले तिथल्या वस्तीला बोरी म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या वर्गात तीन बोरकर होते. तिघांची गावे वेगळी होती आणि जातीही वेगळ्या होत्या.

या सगळ्यात डीएनए शिरला तो माझ्या भाच्यामुळे. तो अमेरिकेत असतो, आणि आपल्या मावशीला वंशावळीचे वेड आहे हे त्याला ठाऊक असल्यामुळे त्याने एकदा फोनवर सांगितले की, तिकडे एकाच आडनावाचे लोक एकत्र येऊन तपासण्या करून घेतात आणि आपण एका पूर्वजाचे आहोत की नाही ते पडताळून पाहतात. ह्यूस्टन शहरात २००० साली सुरू झालेल्या 'फॅमिली ट्री डीएनए' या कंपनीकडे असे हजारो आडनाव-प्रकल्प आहेत. ते चालवणारे बहुतेक जण पगारी नसतात, तर त्या त्या आडनावाच्या नादी लागलेले हौशी लोक असतात. प्रकल्पाचा तक्ता अनेकदा कोणालाही पाहता येतो. त्यात माणसाचे नाव नसते. फक्त किटचा क्रमांक, त्याला माहीत असलेला सर्वांत जुना पितृवंशीय पूर्वज, आणि मग आकड्यांची एक लांबलचक ओळ. ज्यांच्या ओळी जुळतात त्यांना एका रंगाच्या पट्टीखाली आणून बसवतात. उत्साहाच्या भरात भाच्याने स्वतःचीच तपासणी करून टाकली, आणि निकाल आल्यावर आम्हा दोघांच्या लक्षात आले की त्याने शोध घेतला तो त्याच्या वडिलांच्या घराण्याचा. माझ्या बहिणीच्या सासूबाईंना मात्र त्याचे फार कौतुक वाटले.

चूक साधी होती आणि तिच्यातच या सगळ्या प्रकाराचे मर्म आहे. वाय गुणसूत्र फक्त पुरुषात असते आणि ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसेच्या तसे मिळते. आडनावही आपल्याकडे याच वाटेने चालते, म्हणून तर दोघांची सांगड घालता येते. या गुणसूत्रावर काही ठिकाणी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो, कुठे बारा वेळा, कुठे चोवीस वेळा. हे आकडे पिढ्यानुपिढ्या टिकतात, पण क्वचित एखाद्या पिढीत नक्कल करताना एकाने वाढतात किंवा घटतात. अशा ठरावीक जागांना मार्कर म्हणतात, आणि दोन पुरुषांचे ३७ मार्कर ताडून पाहिले की फरक किती आहे त्यावरून त्यांचा समान पूर्वज जवळचा की लांबचा याचा अंदाज बांधता येतो. भाचा माझ्या बहिणीचा मुलगा. आमच्या वडिलांचे वाय गुणसूत्र त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. मुळात ते माझ्यापर्यंतही पोहोचलेले नाही. लग्नानंतर माझे आडनाव बदलले, त्यामुळे ज्या बोरकरांचा शोध मी एवढ्या हौसेने घेत होते, ते माझ्या कागदपत्रांत उरले नव्हते आणि शरीरात कधी नव्हतेच. वडील जाऊन वीस वर्षे झाली, आम्हाला भाऊ नाही, काकांना दोन्ही मुलीच. म्हणून तो चहा लांबला.

आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची पहिली गाजलेली सांगड इंग्लंडमध्ये घातली गेली. ब्रायन साइक्स या ऑक्सफर्डच्या संशोधकाने आपल्याच आडनावाच्या अनोळखी पुरुषांना पत्रे लिहून नमुने मागवले, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखात ४८ साइक्सांपैकी जवळपास निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच ठशाचे निघाले होते. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या एका पुरुषापर्यंत धागा जातो, असा त्याचा अर्थ लावला गेला. हे वाचून मी काही दिवस हवेत होते. मग लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांचे २००९ सालचे काम हाती लागले आणि पाय जमिनीला टेकले. त्यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांची गुणसूत्रे तपासली. विरळ आडनावांचे लोक खरोखरच पुष्कळदा एका मुळाचे निघाले. पण स्मिथ या आडनावाचे लोक आपसांत तेवढेच परके होते जेवढे रस्त्यावरचे कोणतेही दोन इंग्रज. लोहार गावोगाव होते, तेव्हा स्मिथ गावोगाव झाले. आपल्याकडच्या देशमुख, पाटील, कुलकर्णी या हुद्द्यांच्या आडनावांचे हेच आहे, हे कोणालाही कळेल. आमच्या बोरकरांचेही तेच होणार, हे मला तेव्हाच कळायला हवे होते, कारण बोरीही गावोगाव आहेत.

तोवर मी कागदांच्या मागे होते, आणि कागदांनीही एक इशारा दिला होता. विदर्भात वंशावळ जुळवणाऱ्याला कोतवाल बुकाची वाट चुकत नाही. गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यूच्या नोंदी ठेवी, त्याच्या नकला आज जातीच्या दाखल्यासाठी लोक तहसील कार्यालयातून काढतात. मी आजोबांसाठी काढली. त्यात पणजोबांचे नाव सापडले, नावापुढे 'वल्द', म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि त्यापुढे खापरपणजोबांचे नाव. आडनावाचा पत्ता नव्हता. त्या पानावरच्या कोणाच्याच नावापुढे आडनाव नव्हते. गावात एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांना बापाचे नाव पुरत असे. 'बोरकर' हा शब्द आमच्या घराण्यात पहिल्यांदा उमटलेला दिसतो तो आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, आणि ती शाळा नागपूरची. म्हणजे ज्या आडनावाचा शेकडो वर्षांचा इतिहास मी गुणसूत्रात शोधू पाहत होते, त्याचे वय, कागदापुरते तरी, माझ्या आजोबांपेक्षा कमी होते. हे मला दिसले आणि तरीही मी त्याकडे लक्ष दिले नाही. वेड असले की असे होते.

आमच्या आडनावाचा चालता प्रकल्प मला सापडला नाही, म्हणून प्रदेशानुसार चालणाऱ्या एका प्रकल्पात काकांचे किट जोडले आणि आणखी तीन बोरकरांना गळ घातली. एक माझा वर्गमित्र, एक बुटीबोरीकडचे निवृत्त शिक्षक, आणि एक गोव्याकडचे गृहस्थ, जे रोमन लिपीत आपले आडनाव शेवटून दुसऱ्या अक्षराला 'ए'ऐवजी 'ई' लावून लिहितात. तिघेही मोठ्या उत्साहाने तयार झाले. निकाल येईपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत आम्ही एकमेकांना गमतीने भाऊबंद म्हणू लागलो होतो आणि शिक्षकांनी तर संक्रांतीला तिळगूळही पाठवला. निकाल आला तेव्हा चार बोरकरांचे चार वेगळे वंश निघाले. काकांचा गट एच, वर्गमित्राचा आर१ए, शिक्षकांचा एल आणि गोव्याच्या बोरकरांचा जे२. हे गट म्हणजे मानवी पितृवंशाच्या फार जुन्या फांद्या. आडनावे तर सोडाच, शेतीसुद्धा सुरू झाली नव्हती तेव्हा त्या एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. ३७ मार्करांची तुलना करण्याचेही कारण उरले नाही. तिळगूळ मात्र पुढच्या वर्षीही आला.

एच गट भारतीय उपखंडात सर्वत्र आणि असंख्य जाती-जमातींत आढळतो, त्यामुळे त्यावरून आमच्याविषयी काहीही विशेष सांगता येत नाही. हे मी घरी सांगितले तेव्हा सर्वाधिक निराश झाला तो माझा आतेभाऊ. त्याला कोणी तरी सांगून ठेवले होते की बोरकर हे मूळचे कुठल्याशा राजघराण्याच्या शाखेचे आहेत. हा आतेभाऊ म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. बोरकरांचे वाय गुणसूत्र त्याच्यात नाही, हे त्याला समजावून सांगण्याचा मोह मी आवरला. अशा गटांच्या अक्षरांवरून जातीची, वर्णाची किंवा पराक्रमाची अनुमाने काढणारे लोक मला पुढे पुष्कळ भेटले, आणि माझे मत असे झाले आहे की आडनावाच्या शोधात या अक्षराकडे जितके कमी पाहावे तितके बरे. ते फक्त नकार देण्याच्या उपयोगाचे असते. दोघांचे अक्षर वेगळे असेल तर नाते नाही. सारखे असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

यानंतर वर्षभर काहीच घडले नाही. या कंपन्यांकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे नमुने रगडून आहेत आणि आपल्या लोकांचे फार थोडे, त्यामुळे काकांच्या नावापुढची जुळणीची यादी रिकामी असे आणि मी ती दर रविवारी उघडून पाहत असे. मग एका रविवारी तिच्यात एक ओळ दिसली. ३७ पैकी ३६ मार्कर जुळत होते. माणूस अमेरिकेत राहणारा, त्याचे घर रायपूरचे, आणि आडनाव नागपुरे.

आडनाव वेगळे असल्यामुळे मला पहिल्या दिवशी वाटले की ही काही तरी गफलत असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना एकदम उलगडा झाला आणि मेथीची जुडी तशीच टाकून मी काकांना फोन केला. ज्या गावात सगळेच नागपूरचे, त्या गावात कोणाला नागपुरे म्हणण्याचे कारण नाही. नागपुरे हा नागपूर सोडल्यावरच होतो. रामटेकात राहणाऱ्याला रामटेके म्हणून ओळखता येत नाही, वैरागडात वैरागडे म्हणून हाक मारली तर अर्धे गाव वळून पाहील, आणि बोरीत कोणी बोरकर नसतो. हे नाव माणसाला त्याच्या गावाने दिलेले नसते; तो जिथे नवा म्हणून गेला, तिथल्या लोकांनी "कुठला रे तू?" असे विचारून दिलेले असते. म्हणजे आपली ही आडनावे घराण्याची नसून स्थलांतराची आहेत, आणि तीही शेवटच्या, लोकांच्या लक्षात राहिलेल्या स्थलांतराची. एका घरचे तीन भाऊ तीन वेळी तीन दिशांना गेले तर त्यांच्या नातवंडांची आडनावे तीन होतील, आणि मागे राहिलेल्या चौथ्याला गावात पाटील, नाही तर त्याच्या धंद्याचे नाव पडेल. उलट, सहा वेगवेगळ्या बोरींतून आलेली, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली सहा कुटुंबे नागपुरात एका रांगेत बोरकर म्हणून नांदतील. आडनाव सारखे असणाऱ्यांना गोळा करून मी नेमक्या चुकीच्या माणसांना गोळा केले होते.

नागपूरहून रायपूरला जायला कारणे काय कमी होती! अठराव्या शतकाच्या मध्यात भोसल्यांनी छत्तीसगड घेतले, बिंबाजी भोसले रतनपूरला राहून तिथला कारभार पाहत असत, आणि शिपाई, कारकून, कारागीर अशी कितीतरी मराठी माणसे त्या वाटेने गेली आणि तिकडचीच झाली. पुढे १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली तेव्हा पुन्हा एक लाट गेली. आमच्या खापरपणजोबांच्याही मागचा कोणी पुरुष बोरीहून नागपुरास आला असेल, त्याचा एक मुलगा नागपुरात राहून बोरकर झाला असेल आणि दुसरा पुढे निघून नागपुरे झाला असेल. की दोघांची फाटाफूट त्याहून जुनी आहे? एका मार्करचा फरक असला की समान पूर्वज चार पिढ्यांवर असू शकतो आणि दहा पिढ्यांवरही. गुणसूत्राला तारीख विचारली की ते साक्षीदारासारखे घुटमळते. तिथून पुढे पुन्हा कागदच लागतो, किंवा काकांसारखा माणूस.

त्या नागपुरे मंडळींशी पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा काकांना सगळे समजावून सांगणे मला भाग होते, आणि खरे तर ते मी आधीच सांगायला हवे होते. २०१८ साली कॅलिफोर्नियात पोलिसांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या खुनांचा आरोपी शोधला तो जीईडीमॅच नावाच्या खुल्या संग्रहात त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हौसेने टाकलेल्या माहितीवरून. तो तपास वेगळ्या, दोन्हीकडची नाती दाखवणाऱ्या चाचणीचा होता, काकांच्या वाय चाचणीचा नव्हे. तरी तत्त्व तेच. काका ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे गाल माझा अन् पकडला जाईल तिसराच पोट्टा?" मी हो म्हटले. त्यावर त्यांनी विचार करून सांगितले की आपली काही हरकत नाही, पण मग दोन्ही मुलींनाही विचारून घे, कारण उद्या मी नसेन आणि हे राहील. मी त्या दोघींना विचारले. एकीने लगेच होकार दिला आणि दुसरीने आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत काकांची नोंद मी यादीत दिसेनाशी करून ठेवली होती.

आणखी एक गोष्ट रायपूरच्या पत्रांतून पुढे आली. त्यांच्याकडे दोन पिढ्यांमागे एक दत्तक झाले होते, भाऊबंदांतलेच, त्यामुळे वाय गुणसूत्राची रेघ तुटली नव्हती. पण दत्तक परक्या घरचा असता तर? या चाचणीला दत्तविधान कळत नाही. तिच्या लेखी होम झाला नाही, नाव ठेवले गेले नाही, पिंडाचा अधिकार मिळाला नाही. नागपूरकरांना हा हिशेब जुना आहे. तिसरे रघुजी भोसले १८५३ साली गेल्यावर राणीसाहेबांनी घेतलेले दत्तक डलहौसीने मानले नाही आणि आमचे राज्य खालसा झाले. महालात लहानाची मोठी झालेल्या माझ्यासारखीला वंश म्हणजे केवळ रक्त, हे म्हणणे कंपनी सरकारच्या खलित्यासारखे ऐकू येते. पत्रात हे लिहिल्यावर रायपूरचे नागपुरे हसले असावेत. त्यांनी उत्तरात दत्तक गेलेल्या आजोबांचा फोटो पाठवला.

काकांची भाऊबंदकीची स्वतःची मोजपट्टी आहे आणि ती कुठल्याही तक्त्याइतकीच बारीक आहे. कोण आपला, हे ते सुतकावरून सांगतात. सात पिढ्यांच्या आतला असेल तर पुरते दहा दिवस, त्यापलीकडचा असेल तर तीन दिवस, आणि नुसते कूळ एक आहे एवढेच ठाऊक असेल, पिढी मोजता येत नसेल, तर कळल्यावर अंघोळ. मला हे लहानपणापासून माहीत होते, पण ३७ पैकी किती जुळले हे शिकल्यावर त्यातली पायरी-पायरीने कमी होत जाणारी दूरता पहिल्यांदा दिसली. फरक एवढाच की त्या हिशेबात कोणी तरी मरावे लागते, आणि मग गावोगाव निरोप जातो, आणि निरोप कुठवर पोहोचला त्यावरून घराण्याची शीव कळते. रायपूरची शाखा त्या शिवेबाहेर पडली ती बहुधा निरोप पोहोचेनासा झाला तेव्हाच.

गेल्या भाद्रपदात रायपूरहून संदेश आला की, ज्यांच्या मुलाने अमेरिकेत तपासणी केली होती ते नागपुरे वारले. मी संध्याकाळी महालात गेले तेव्हा काका झोपाळ्यावर होते. बातमी सांगितली. त्यांनी विचारले, "किती पिढ्या धरायच्या?" मी म्हटले, काका, चार असतील, दहाही असतील, मशीनला सांगता येत नाही. ते काही वेळ झोपाळा पायाने थांबवून बसले. मग काकूंना म्हणाले, "पाणी काढ वं," आणि खुंटीवरचा पंचा घेऊन मोरीकडे गेले.